उपचारानंतरचा विश्रांतीचा दिवस: आदल्या संध्याकाळपासून रात्रीच्या झोपेपर्यंत

मोठी शस्त्रक्रिया, केमोथेरपीचा एखादा फेरा, रेडिएशनचे आठवडे किंवा अतिदक्षता विभागातला मुक्काम आटोपून माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्या हातात औषधांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. 'भरपूर विश्रांती घ्या' हे वाक्य जाता जाता ऐकवलेले असते. औषध किती वाजता, किती मात्रेत, जेवणाआधी की जेवणानंतर, हे सारे नेमके लिहून मिळते. विश्रांतीची मात्रा मात्र सहसा कोणी लिहून देत नाही. नुकतेच घरी आलेले रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी माणसे या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून अशा एका पूर्ण दिवसाची आखणी येथे क्रमाने दिली आहे.

विश्रांतीचा दिवस सर्वांत जास्त बिघडवतात ते लहानसहान निर्णय. काय खायचे, आता झोपायचे की बसून राहायचे, वाजणारा फोन घ्यायचा का, हे दुखणे नेहमीचे की कळवण्यासारखे, असा प्रत्येक प्रश्न गळून गेलेल्या माणसाच्या अंगावर येतो आणि उरलेसुरले बळ त्यातच संपते. म्हणून हे प्रश्न आदल्या दिवशी, डोके जरा ताजे असताना सोडवून ठेवायचे आणि विश्रांतीच्या दिवशी फक्त ठरल्याप्रमाणे वागायचे, ही या आखणीमागची भूमिका आहे.

हा थकवा कशाचा असतो

दिवसभर राबल्याने आलेला थकवा रात्रभर झोपले की उतरतो. उपचारांनंतरचा थकवा तसा उतरत नाही. आठ तास झोपून उठलेला माणूसही दात घासून झाल्यावर पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसून राहतो. याची कारणे शरीरातच असतात. शस्त्रक्रियेत रक्त गेलेले असते किंवा केमोथेरपीमुळे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी कमी तयार होत असतात, त्यामुळे हिमोग्लोबिन खाली येते आणि स्नायूंना प्राणवायू अपुरा मिळतो. जखम भरून काढण्यात शरीराची प्रथिने आणि ऊर्जा खर्ची पडत असते, आणि त्या काळात रक्तात वाढलेली दाहकारक रसायने मेंदूवर परिणाम करून माणसाला मरगळ आणतात. वेदनाशामकांची गुंगी, तुटक झोप, कमी झालेले खाणे आणि मनावरचा ताण यांची त्यात भर पडते. घरातल्यांनी हे नीट समजून घेतले, तर 'थोडे उठून बसले की बरे वाटेल' यासारखी वाक्ये आपोआप कमी होतात.

यांपैकी काही कारणांवर इलाज असतो. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, नैराश्य, अपुरे वेदनाशमन ही त्यांतली काही. म्हणून 'थकवा तर येणारच' असे म्हणून तो अंगावर काढू नये, प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगावा. सांगताना शून्य ते दहा असे मोजमाप वापरावे. 'खूप थकवा आहे' यापेक्षा 'सकाळी चार असतो, दुपारनंतर आठवर जातो' हे वाक्य त्यांच्या कितीतरी अधिक उपयोगी पडते.

घरी येण्याआधी लिहून घ्यायच्या गोष्टी

रुग्णालयातून निघण्यापूर्वी, आणि तेव्हा राहून गेले असेल तर फोन करून, काही प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवून घ्यावीत. किती ताप आला की कळवायचे? रात्री आणि सुटीच्या दिवशी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? दिवसाला किती पाणी प्यायचे? हा प्रश्न अनेकांना बिनमहत्त्वाचा वाटतो, परंतु हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाला पाण्यावर मर्यादा असू शकते आणि त्याच्या बाबतीत 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला घातक ठरू शकतो. किती वजन उचलायचे नाही आणि किती आठवडे? जिने चढायचे का? जखमेवर पाणी घेतलेले चालेल का? वेदनाशामक दुखल्यावर घ्यायचे की ठरलेल्या वेळी? या लेखातील कोणतीही सूचना तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याच्या विरुद्ध जात असेल, तर डॉक्टरांचे सांगणे पाळावे. हा कागद घरातल्या सर्वांना दिसेल अशा जागी लावून ठेवावा, कारण गरज पडते तेव्हा तो शोधण्याइतके भान कोणालाच राहत नाही.

आदल्या संध्याकाळची तयारी

बसण्याची जागा आधी ठरवावी. पाठीला उंच टेका आणि दोन्ही बाजूंना हात असलेली, बसताना गुडघे फार दुमडावे लागणार नाहीत अशा उंचीची खुर्ची सर्वांत चांगली. मऊ, खोल सोफा आरामाचा वाटतो खरा, पण त्यातून उठताना पोटाच्या स्नायूंवर ताण येतो आणि टाके असलेल्या माणसाला तो सोसत नाही. शक्य असेल तर खुर्ची खिडकीपाशी ठेवावी. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली होती. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही खुर्ची भिंतीकडून खिडकीकडे वळवायला काहीच खर्च येत नाही.

खुर्चीशेजारी एक लहान टेबल असावे आणि त्यावर हात न ताणता पोहोचता येईल असे सामान मांडून ठेवावे: पाण्याची झाकणाची बाटली, थर्मामीटर, दिवसभराच्या गोळ्यांची खण असलेली डबी, चष्मा, फोन आणि त्याचा चार्जर, रुमाल, वही आणि पेन, मळमळीचा त्रास असेल तर एक भांडे, आणि कोणाला हाक मारण्याइतका आवाज निघत नसेल तर घंटी. पायाखाली येणारी सतरंजी, गालिच्याची उचललेली कड, वायरी हे सारे वाटेतून दूर करावे. रात्री पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत मंद दिवा राहील याची सोय करावी, कारण उपचारांनंतरच्या दिवसांत पडणे हा खरोखरीचा धोका असतो.

मग वहीत उद्याचा दिवस लिहावा. त्यात एकच 'मोठे' काम असावे. अंघोळ किंवा बाहेर फेरी किंवा एखाद्या जवळच्या माणसाची भेट, यांपैकी एक. सुरुवातीच्या दिवसांत हे एकच काम पुरेसे असते, आणि ते ज्या वेळी अंगात सर्वांत जास्त त्राण असते त्या वेळी ठेवावे. उद्याचे कपडे काढून ठेवावेत. उद्या काय खायचे तेही ठरवून टाकावे. सकाळी 'तुला काय करून देऊ?' हा प्रश्न प्रेमापोटीच विचारला जातो, पण मळमळणाऱ्या माणसाला अन्नाचा विचारही नको असतो.

सकाळ: उठण्याची रीत

जाग आल्यावर लगेच उभे राहू नये. बराच वेळ आडवे राहिल्यावर एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. पाणी कमी प्यायलेल्या किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या माणसाला हे अधिक जाणवते. प्रथम पलंगावरच दोन्ही पायांचे पंजे दहा वेळा वरखाली करावेत. नंतर गुडघे दुमडून, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवत कुशीवर व्हावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी वरच्या हाताच्या तळव्याने गादी रेटत उठून बसावे. पोटावर टाके असतील तर सरळ उताणे उठण्यापेक्षा ही रीत कितीतरी कमी दुखते. कडेवर बसून एक-दोन मिनिटे थांबावे, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि डोके स्थिर वाटले तरच उभे राहावे.

ताप मोजणे हे दिवसाचे पहिले काम. केमोथेरपी सुरू असेल तर हे विसरून चालत नाही, कारण पांढऱ्या पेशींची संख्या साधारणपणे औषध दिल्यानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जाते आणि त्या काळात साधा संसर्गही काही तासांत गंभीर रूप घेऊ शकतो. अशा वेळी पू, सूज, खोकला यांसारखी नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही, कारण ती निर्माण करणाऱ्या पेशीच कमी असतात. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण असते. तोंडात थर्मामीटर ठेवणार असाल तर त्याआधी अर्धा तास गरम किंवा थंड काही पिऊ नये. तापाचा आकडा आणि वेळ वहीत लिहावी. अंग तापल्यासारखे वाटले म्हणून ताप न मोजता, न कळवता पॅरासिटामॉल घेऊ नये. त्याने आकडा खाली येतो, संसर्ग मात्र तसाच राहतो.

औषधे ठरलेल्या वेळी घ्यावीत. उलटी थांबवण्यासाठी केमोथेरपीबरोबर अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. ते घेतल्यावर एक-दोन दिवस तरतरी वाटते, संध्याकाळी घेतले तर झोप उडते, आणि ते थांबल्यावर माणूस एकदम ढेपाळतो. ही चढउतार औषधाची आहे हे ठाऊक नसेल, तर तरतरीच्या दिवशी माणूस साठलेली कामे उपसतो आणि नंतरच्या दिवशी आपली प्रकृती बिघडली असे समजून घाबरतो. दिवसाची मात्रा सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने ती कमी करू नये किंवा थांबवू नये. वेदनाशामकाच्या बाबतीत दुखणे असह्य होईपर्यंत वाट पाहण्यात शौर्य नाही. वाढलेले दुखणे खाली आणायला अधिक औषध आणि अधिक वेळ लागतो, शिवाय दुखण्याच्या भीतीने माणूस खोल श्वास घेणे आणि खोकणे टाळतो.

अंघोळ

निरोगी माणसाला अंघोळ हे काम वाटतच नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. कपडे काढणे, वाकणे, हात डोक्यावर नेणे, गरम वाफेत उभे राहणे, अंग पुसणे आणि पुन्हा कपडे चढवणे ही सहा कामे सलग होतात, आणि गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब आणखी उतरतो. पहिल्या दिवसांत कित्येकांचे पाय अंघोळ संपता संपता, टॉवेलकडे हात करतानाच लटपटू लागतात.

तेव्हा अंघोळीआधी काहीतरी खाल्लेले असावे आणि वेदनाशामक घ्यायचे असेल तर ते सुमारे अर्धा तास आधी घ्यावे. न घसरणारे, मजबूत स्टूल न्हाणीघरात ठेवून सारी अंघोळ बसूनच करावी. पाणी कोमट असावे. साबण, तांब्या किंवा फवारा, टॉवेल हे सर्व बसल्या जागी हाताशी यावे. दाराला आतून कडी लावू नये आणि घरातले कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे. अंग पुसण्याची खटपट वाचवण्यासाठी टॉवेलच्या कापडाचा पूर्ण अंगरखा चढवून तसेच जाऊन पलंगावर दहा मिनिटे पडावे. अंग आपोआप कोरडे होते. कपडे नंतर, बसून, आधी पायांचे आणि मग वरचे असे घालावेत. टाक्यांची जागा चोळू नये, स्वच्छ कापडाने टिपून घ्यावी. अंघोळ झाल्यावर लगेच दुसरे काहीही ठरवू नये. आणि आज जमणार नाही असे वाटले, तर ओल्या कापडाने तोंड, काखा, जांघा आणि पावले पुसून घेणे पुरेसे आहे. त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

पलंग, खुर्ची आणि चालणे

विश्रांती म्हणजे दिवसभर झोपून राहणे, हा समज फार जुना आहे आणि एके काळी डॉक्टरांचाही तोच होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणात ठेवण्याची पद्धत होती. सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा तो धाडसी विचार होता. आज शस्त्रक्रिया झालेल्या अनेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते.

यामागची कारणे साधी आहेत. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झिजतात; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठ व्यक्तींना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायूंचा भाग कमी झालेला आढळला. पायांतील रक्त संथ वाहू लागले की गाठी होण्याची शक्यता वाढते, आणि कर्करोग व मोठी शस्त्रक्रिया या दोन्हींमुळे ती आधीच वाढलेली असते. फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि तेथे कफ साठतो. शौचाला साफ होत नाही. उलट, हलके चालणे हा कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या थकव्यावरचा सर्वांत चांगला पडताळून पाहिलेला उपाय आहे.

म्हणून दिवसाची विभागणी अशी करावी की पलंग रात्रीच्या झोपेसाठी आणि दुपारच्या डुलकीसाठी राहील, जागेपणीचा वेळ शक्य तितका खुर्चीत जाईल आणि साधारण तासाभराने एकदा उठणे होईल. उठायचे म्हणजे व्यायाम करायचा नाही. खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत यावे, खिडकीपाशी मिनिटभर उभे राहावे, एवढ्यानेही पायांत रक्त फिरते. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य पूर्ण करता येत नसेल इतकी धाप लागली तर थांबावे. बसल्या बसल्या दर तासाला पायांचे पंजे वरखाली करावेत. रुग्णालयातून श्वासाच्या व्यायामाचे चेंडूंचे उपकरण दिले असेल, तर जागेपणी दर तासाला सुमारे दहा वेळा, मध्ये थांबत थांबत ते वापरावे. पोटावर किंवा छातीवर टाके असतील तर खोकताना उशी जखमेवर घट्ट धरावी; जखमेला आधार मिळतो आणि खोकण्याची भीती कमी होते.

सर्वांत कठीण सूचना येथेच आहे: थकण्याआधी थांबावे. बरे वाटू लागले की माणूस 'एवढे आवरूनच बसतो' म्हणतो, आणि त्याची किंमत पुढचे दोन दिवस मोजतो. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशीही वहीत लिहिले आहे तेवढेच करावे. भाजी चिरणे, कपड्यांच्या घड्या घालणे यांसारखी हातातली कामे करायचीच असतील, तर ती बसून, कोपर टेबलावर टेकवून करावीत आणि अर्धी झाल्यावर ठेवून द्यावीत.

खाणेपिणे आणि तोंडाची काळजी

तीन पोटभर जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडेसे खाणे जमते आणि पचते. भूक लागण्याची वाट पाहू नये, कारण ती कित्येक दिवस लागतच नाही. घड्याळ पाहून चार घास खावेत. जखम भरायला आणि स्नायू टिकायला प्रथिने लागतात, म्हणून अंडी, मासे, दूध, दही, डाळी यांपैकी जे सोसते ते प्रत्येक खाण्यात थोडे तरी असावे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. गरम अन्नाच्या वाफेने मळमळ वाढत असेल तर ते गार होऊ द्यावे आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे. मळमळीचे औषध उलटीची भावना बळावल्यावर घेण्यापेक्षा सांगितलेल्या वेळी घेतले तर अधिक उपयोगी पडते.

पाणी घोटाघोटाने प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी बहुधा पुरेसे होत आहे, गडद असेल तर कमी पडत आहे. मात्र डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोथेरपीच्या लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर दिसते, ते रक्त नसते. केमोथेरपीची औषधे साधारण ४८ तासांपर्यंत, काहींच्या बाबतीत त्याहून अधिक काळ, लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडत असतात. तोपर्यंत शौचकूपाचे झाकण लावून दोनदा पाणी सोडावे आणि मळलेले कपडे हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत.

मळमळीवरचे ऑन्डानसेट्रॉन आणि तीव्र वेदनाशामके या दोन्हींनी बद्धकोष्ठता होते. हा त्रास लोक लाजेपोटी सांगत नाहीत आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पोट दुखू लागले की धावपळ होते. तीव्र वेदनाशामक सुरू करतानाच सौम्य रेचकाविषयी विचारून ठेवावे.

केमोथेरपीत किंवा डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड आतून सोलवटते. मऊ दातघासणी वापरावी. एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून काही वेळा, विशेषतः खाल्ल्यावर, चूळ भरावी आणि नंतर साध्या पाण्याने तोंड धुवावे. अल्कोहोल असलेले माउथवॉश झोंबते, ते टाळावे. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिले असेल तर पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाला ते देऊ नये. कोणी 'ताकद येण्यासाठी' वनस्पतींचा काढा किंवा चूर्ण आणून दिले, तर घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. अशा काही पदार्थांमुळे मुख्य औषधाचा परिणाम कमी-जास्त होतो.

दुपार

दुपारची झोप हवीच असते, परंतु ती अर्ध्या तासाच्या आसपास आणि तीनच्या आधी आटोपावी. गजर लावून झोपावे. त्याहून लांबलेली झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते. झोप आली नाही तरी डोळे मिटून पडावे. तीही विश्रांतीच आहे.

भेटायला येणारी माणसे

आपल्या माणसांची सोबत औषधाइतकी मोलाची असते, आणि तिच्यामुळेच सर्वांत जास्त दमायलाही होते. आलेल्या माणसाला बरे वाटावे म्हणून रुग्ण ताठ बसतो, हसतो, ऑपरेशनची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगतो आणि ती माणसे उठली की उशीवर कोसळतो. त्यामुळे हे काम रुग्णावर न सोपवता घरातल्या एकाने अंगावर घ्यावे. येणाऱ्यांना आधीच वेळ द्यावी, 'पंधरा मिनिटे बसता येईल' असे मोकळेपणाने सांगावे, आणि वेळ संपल्यावर आपण होऊन उठून 'आता औषधाची वेळ झाली' म्हणावे. सर्दी, ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असलेल्याने येऊ नये. आल्यावर प्रत्येकाने हात धुवावेत. फोन दिवसातला ठरावीक वेळ सोडून बंद ठेवावा आणि प्रकृतीची बातमी एकाच व्यक्तीने सर्वांना एकत्र कळवावी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच रुग्णाच्या खोलीत चालणाऱ्या कुजबुजीला क्रूर म्हटले होते, कारण ती ऐकण्यासाठी रुग्णाचे कान त्याच्या इच्छेविरुद्ध ताणले जातात. आजही हे तितकेच खरे आहे. दाराआड दबक्या आवाजात अहवालांची चर्चा करू नये. बोलायचे असेल तर रुग्णासमोर नेहमीच्या आवाजात बोलावे किंवा खरोखर दूर जावे. मदत करू इच्छिणाऱ्यांना नेमके काम सांगावे. 'काही लागले तर सांगा' म्हणणाऱ्याला 'शुक्रवारी रक्ताचे नमुने देऊन याल का' असे विचारले, तर त्यालाही समाधान वाटते आणि काम होते.

रिकामा वेळ आणि मन

आवडीचे पुस्तक हाती घेऊनही एकच पान तीनदा वाचावे लागते, असा अनुभव पुष्कळांना येतो. भूल, औषधे, तुटलेली झोप आणि आजाराचा धक्का यांमुळे एकाग्रता काही काळ कमी होते. अशा दिवसांत लहान मजकूर, ऐकण्याच्या कथा, ओळखीचे संगीत, चित्र रंगवणे, विणकाम अशा मध्येच सोडता येणाऱ्या गोष्टी बऱ्या पडतात. आजाराविषयी इंटरनेटवर शोधत बसण्याला दिवसातली वेळ नेमून द्यावी, आणि ती रात्रीची नसावी. मनात येणारे प्रश्न वहीत लिहावेत. लिहिलेला प्रश्न पुन्हा पुन्हा डोक्यात फिरत नाही, शिवाय पुढच्या भेटीत तो विचारायचा राहत नाही.

उपचार चालू असताना धीराने वागलेला माणूस घरी येऊन शांत बसल्यावर रडू लागतो, हे अनेक घरांत घडते. रुग्णालयात पुढची सुई, पुढची तपासणी यांत मन गुंतलेले असते; घरी आल्यावर घडून गेलेले सारे एकदम समोर येते. तेव्हा समजूत घालण्याची घाई करू नये, जवळ बसावे. मात्र उदासी बहुतेक वेळ राहून दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, किंवा जगू नये असे विचार येऊ लागले, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. शेवटच्या बाबतीत त्याच दिवशी.

विश्रांती मोडून फोन करण्याची वेळ

पुढील गोष्टींत सकाळची वाट पाहू नये आणि कोणाची झोपमोड होईल असा संकोच धरू नये. केमोथेरपी घेणाऱ्याला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, अथवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर लगेच कळवावे; स्टेरॉइडमुळे ताप झाकला जाऊ शकतो. एकाच पोटरीत सूज, दुखणे किंवा लाली. दहा मिनिटे दाबून धरूनही न थांबणारे रक्त. जखमेभोवती वाढत जाणारी लाली, ऊब किंवा पू. पाणीही पोटात न राहणे. वारंवार पातळ शौचाला होणे. लघवी जवळजवळ बंद होणे, हे सर्व कळवण्यासारखे आहे. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, बोलण्यात असंबद्धता येणे, शुद्ध हरपणे यांत मात्र फोनवर विचारत न बसता थेट आपत्कालीन सेवा बोलवावी. फोन करताना नाव, कोणता उपचार झाला, तो कोणत्या तारखेला झाला आणि आताचा तापाचा आकडा हे आधी सांगावे.

संध्याकाळ आणि रात्र

संध्याकाळी एकदा पुन्हा ताप मोजावा. झोपण्यापूर्वी तासभर दिवे मंद करावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि रोज त्याच वेळी अंथरुणावर पडावे. पाणी दिवसाच जास्त प्यावे, म्हणजे रात्री उठणे कमी होते. सुमारे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर कूस बदलत राहण्यापेक्षा उठून खुर्चीत बसावे आणि डोळे जड झाल्यावर परत यावे. दुखण्याने झोप मोडत असेल तर रात्रीच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे.

दिवा मालवण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: आज केलेले मोठे काम, थकव्याचा सर्वांत वरचा आकडा आणि तो किती वाजता होता. दुसऱ्या दिवशी उठल्यावर थकवा कालच्याइतकाच किंवा कमी असेल, तर चालण्यात दोन-तीन मिनिटांची भर घालता येते. तो वाढलेला असेल तर एक पाऊल मागे जाऊन दोन दिवस तेथेच थांबावे. रोज थोडे पुढे सरकलेच पाहिजे असा हिशेब येथे लागू होत नाही, म्हणून एकूण सुधारणा होत आहे का हे पाहताना आजची तुलना कालशी न करता आठवड्यापूर्वीच्या पानाशी करावी. आठवडाभर आकडा खाली न येता चढतच राहिला, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.